जुन्या मराठी लेखांचं ई-बुक: साध्या मजकुरापासून विक्रीपर्यंत

नेरूळहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील ठाण्यात भूगोल शिकवत. ठाण्याचे तलाव, खाडी आणि बेलापूर पट्टीतली मिठागरं यांवर त्यांनी एका स्थानिक साप्ताहिकात लिहिलेले ४६ लेख घरात आहेत. निम्मे डीटीपीवाल्याकडून मिळालेल्या, श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टांच्या फाइलींत आहेत, बाकीच्यांची नुसती कात्रणं. वडील आता नाहीत. या लेखांचं ई-बुक घरच्या घरी करायचं तर वर्ड पुरे, की मार्कडाऊन शिकावं? आणि ते विकायला कुठे ठेवावं?

मार्कडाऊन शिका. दोन संध्याकाळी पुरतात. मात्र या कामात खरे कष्ट आहेत ते मजकूर साफ करण्याचे. मजकूर स्वच्छ असेल तर ई-बुक तयार होण्याचं काम एका आज्ञेचं (कमांडचं) आहे, आणि मजकूर अस्वच्छ असेल तर कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा, वाचकाच्या फोनवर ‘दुसर्‍या’, ‘दुसर्या’ आणि ‘दुसऱ्या’ असे तीन प्रकार एकाच पानावर दिसतील.

मार्कडाऊन म्हणजे साध्या मजकुरातच खुणा करण्याची पद्धत. जॉन ग्रूबर यांनी ती २००४ मध्ये मांडली. मथळ्याआधी #, ठसठशीत शब्दाभोवती दोन-दोन तारे, इतकं साधं. या मजकुराचं ईपब (ई-बुकची प्रचलित फाइल), पीडीएफ किंवा वर्ड फाइल करून देतो तो पॅनडॉक, बर्कलीला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला मोफत प्रोग्राम. वर्डमध्ये पुस्तक होत नाही असं नाही. पण वर्ड प्रत्येक परिच्छेदासोबत फॉन्ट, आकार, रंग असा बराच ऐवज आत ठेवतो आणि तो ई-बुकात उतरतो. शिवाय तुमची आजची अडचणच मजकूर एका कंपनीच्या फॉन्टला बांधला गेल्यामुळे आली आहे. साधी युनिकोड फाइल, म्हणजे जिच्यात प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच ठरलेला क्रमांक असतो ती, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते, पुढेही उघडेल.

श्रीलिपीतून बाहेर काढताना

जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फाइलीत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट काढला की नुसती अगम्य जंत्री उरते. हे तुकडे कुठे बसवायचे याची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. श्रीलिपीच्या आतही वेगवेगळ्या मालिकांची मांडणी एकसारखी नाही. म्हणून आधी पेजमेकर या डीटीपीच्या जुन्या पानमांडणी सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून फॉन्टचं पूर्ण नाव, क्रमांकासकट, लिहून घ्या आणि त्याच मांडणीसाठी केलेला कन्व्हर्टर वापरा. पेजमेकर तुमच्याकडे नसेल तर डीटीपीवाल्याकडूनच मजकूर साध्या टेक्स्ट फाइलीत काढून घ्या. पीडीएफवरून कॉपी करू नका. तिथे अक्षरांचे तुकडे कागदावर दिसतात त्या क्रमाने येतात आणि वेलांट्या, रफार भलत्या अक्षरांवर जाऊन बसतात.

एकदम सगळे लेख बदलायला घेऊ नका. एक लेख बदला, छापील कात्रणाशी शब्दन्‌शब्द ताडून पाहा आणि चुकांची यादी करा. चुका ठरावीकच असतात. रफार जुन्या फॉन्टात अक्षरानंतर टाइप होत असे, युनिकोडमध्ये तो अक्षराआधी हवा; कन्व्हर्टरने तो नीट हलवला नाही तर ‘सूर्य’चा ‘सूयर्’ होतो. रफार आणि अनुस्वार मिळून एकच तुकडा असायचा, म्हणून ‘वर्षांनी’, ‘मार्गांवर’ असे शब्द हमखास बिघडतात. पहिली वेलांटी जोडाक्षराच्या मधोमध अडकते. शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी किंवा शेवटी सुटा ‘र्’ आढळला तर तिथे चूक आहे असं समजा. एडिटरमध्ये या दोन गोष्टी शोधल्या की निम्मी घाण सापडते.

मराठीचा खास त्रास ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’चा. किनाऱ्यावर, खाऱ्या, वाऱ्याने, शेतकऱ्यांचे, कुऱ्हाड हे शब्द खाडीवरच्या लेखांत पानोपानी येणार. यांच्यासाठी युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांकाचा वेगळा ‘ऱ’ आहे. काही कीबोर्ड साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून तोच आकार काढतात. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधायला गेलं की एक सापडतं, दुसरं निसटतं, आणि काही वाचन-ॲप ते अदृश्य चिन्ह गाळतात, मग रफार दिसतो. सगळीकडे ०९३१चाच वापर करा. मात्र ‘र्या’च्या जागी सरसकट ‘ऱ्या’ घालू नका. ‘कार्यालय’, ‘मर्यादा’, ‘सूर्यास्त’ सगळेच मोडतील. एकेक शब्द धरून बदला: आधी ‘किनार्या’, मग ‘दुसर्या’, मग ‘शेतकर्या’.

तसंच ‘ॲ’चं. ०९७२ क्रमांकाचं एकसंध अक्षर आहे ते वापरा. ‘अ’वर वेगळा चंद्र ठेवलेला प्रकार शोधून बदला. ‘दु:ख’, ‘अंत:करण’ यांत विसर्गाच्या जागी बहुधा कोलन टाइप झालेला असतो. तोही बदला.

कात्रणं ३०० डीपीआयने स्कॅन करा आणि प्रत्येक स्तंभ वेगळा कापून घ्या. दोन स्तंभ एकत्र दिले तर ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणारा प्रोग्राम) डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडून वाचतो. टेसरॅक्ट या मोफत ओसीआरमध्ये मराठीचा वेगळा विदा आहे; ते नको असेल तर चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर मिळतो. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडायचे राहतात, ते हाताने जोडा. कागद पिवळा पडून शाई पसरली असेल तर ओसीआरच्या चुका निस्तरण्यापेक्षा पुन्हा टाइप करणं लवकर होतं. मुद्रितशोधन दोघांनी मिळून करावं, एकाने कात्रण मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर पाहायचं. एकट्याने वाचताना डोळा चुकीचा शब्दही बरोबर वाचून पुढे जातो.

मूळ फाइली आणि स्कॅन वेगळ्या फोल्डरात ठेवा, त्यांना हात लावू नका.

मार्कडाऊन लिहिताना मराठीत काय अडतं

प्रत्येक लेखाची एक फाइल, यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत. फाइलींची नावं रोमन लिपीत, सुरुवातीला इंग्रजी दोन अंकी क्रमांक, मध्ये जागा न सोडता. विंडोजच्या आज्ञा-खिडकीत देवनागरी नावं नीट दिसत नाहीत आणि चुकीची फाइल दिली तरी कळत नाही. आत मजकूर असा:

    # मासुंदा

    कौपिनेश्वराच्या देवळालगतचा *मासुंदा* ठाणेकरांना
    तलावपाळी म्हणूनच ठाऊक.[^मासुंदा-१]

    [^मासुंदा-१]: संपादकीय टीप: ...

तळटीपेच्या खुणेचं नाव मराठीत चालतं, फक्त त्यात मोकळी जागा नको. प्रत्येक लेखात १, २, ३ अशा खुणा दिल्या तर फाइली एकत्र होताना एका लेखाची टीप दुसऱ्या लेखात घुसते. म्हणून खुणेत लेखाचं नाव घाला, किंवा पॅनडॉकला ‘फाइल-स्कोप’ हा पर्याय द्या. वाचकाला दिसणारे क्रमांक पॅनडॉक स्वतः लावतो.

संपादकीय टिपा या पुस्तकात लागणारच. खाडीवरचे लेख जुने असतील तर तिथलं रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, हे त्यांत नसणार. अशी भर मूळ मजकुरात मिसळू नका. वडिलांचं वाक्य कुठलं आणि तुमचं कुठलं हे वाचकाला स्वच्छ कळलं पाहिजे.

मार्कडाऊन इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून घडलं आहे, आणि मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटतो. तिरप्या अक्षरांसाठी अंडरस्कोर वापरून _मासुंदा_ला असं लिहिलं तर ते चालत नाही, अंडरस्कोर जसेच्या तसे छापले जातात. तारा वापरा: *मासुंदा*ला. अवतरणचिन्हांचंही तेच. पॅनडॉक सरळ चिन्हांची वळणदार चिन्हं आपोआप करतो, पण 'सिडको'ने असं लिहिलं की मिटणाऱ्या चिन्हाला लगेच ‘ने’ चिकटलेला पाहून तो त्याला ॲपॉस्ट्रॉफी समजतो आणि सुरुवातीचं चिन्हही उलटं पडतं. उपाय असा की वळणदार चिन्हं स्वतःच टाइप करावीत आणि पॅनडॉकचा ‘स्मार्ट’ हा विस्तार बंद ठेवावा.

क्रमवार यादीसाठी ‘१.’, ‘२.’ असे देवनागरी अंक दिले तर मार्कडाऊनला ती यादी वाटत नाही. सगळे मुद्दे एका परिच्छेदात सलग येतात. इंग्रजी अंक टाइप करा आणि दिसण्यापुरते देवनागरी अंक सीएसएसमधून (पुस्तकाचं रूप ठरवणाऱ्या फाइलीतून) आणा, त्यासाठी यादीच्या शैलीत ‘देवनागरी’ हाच शब्द लिहायचा असतो. उलटही घडतं: परिच्छेद इंग्रजी अंकांतल्या सालाने सुरू झाला आणि सालानंतर पूर्णविराम आला, तर त्याची यादी होते.

मिठागरांवरच्या लेखांत आगरी गाणी असतील तर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उभी रेघ | आणि एक मोकळी जागा द्या. ओळी जशा तोडल्या तशाच राहतात. ओळीअखेर दोन स्पेस देण्याची पद्धतही आहे, पण बरेच एडिटर त्या फाइल साठवताना पुसून टाकतात.

पुस्तकाची माहिती, रूप आणि बांधणी

एका वेगळ्या फाइलीत पुस्तकाची माहिती द्यायची: शीर्षक, लेखक, भाषा, हक्क, मुखपृष्ठाच्या चित्राचं नाव. (या नोंदींची आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत.) शीर्षकात कोलन असेल, समजा ‘ठाणे: खाडी आणि तलाव’, तर पूर्ण शीर्षक दुहेरी अवतरणात टाका, नाहीतर कोलनापाशी वाचन मोडतं आणि पॅनडॉक चूक दाखवून थांबतो. ‘टीओसी-टायटल’पुढे ‘अनुक्रमणिका’ लिहा.

यातली सगळ्यात मोलाची नोंद ‘लँग’, तिच्यापुढे ‘एमआर’. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी आकार हिंदीपेक्षा वेगळे आहेत. ज्या फॉन्टात दोन्ही आकार असतात तो फॉन्ट भाषेची नोंद पाहून आकार निवडतो. नोंद नसेल किंवा चुकून हिंदीची असेल, तर सबंध पुस्तक हिंदी वळणाच्या ‘ल’ने छापल्यासारखं दिसतं. मोठ्याने वाचून दाखवणारी ॲपही याच नोंदीवरून आवाज निवडतात.

फॉन्ट बसवायचा असेल तर मुक्त परवान्याचा घ्या. ‘टिरो देवनागरी मराठी’ मराठी वळणासाठीच वेगळा केलेला आहे आणि सलग वाचनाला उत्तम आहे; मथळ्यांना ‘मुक्ता’ शोभतो. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. डीटीपीचे विकतचे फॉन्ट ई-बुकात घालायला परवानगी असेलच असं नाही, त्या वाटेला जाऊ नका.

सीएसएस थोडकंच ठेवा. ओळींतलं अंतर १.६ किंवा किंचित जास्त, कारण मराठीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंतरात ते एकमेकांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर शून्यच, ते वाढवलं की शिरोरेषा तुटते. पहिलं अक्षर मोठं करण्याचा मोह टाळा. ‘स्त्री’ किंवा ‘क्षेत्र’ने परिच्छेद सुरू झाला की काही ॲप जोडाक्षर मधूनच कापतात. दोन्ही बाजूंनी समान मजकूरही नको: शब्द तोडण्याची मराठी सोय बहुतेक वाचन-ॲपमध्ये भरवशाची नाही, आणि मराठी शब्द लांब, त्यामुळे फोनच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये खिंडारं पडतात. देवनागरीत तिरपी अक्षरं परंपरेने नाहीत, ॲप ती नुसती कलती करून दाखवतात. म्हणून तारांकित शब्दांना सीएसएसमधून तिरपेपणा काढून ठसठशीतपणा द्यावा.

छायाचित्रं जेपीजीत, लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास. नकाशे आणि रेखाटनं पीएनजीत. प्रत्येकाला चौकटी कंसात वर्णन द्या, पॅनडॉक त्यालाच चित्राखालची ओळ करतो. तीनपेक्षा जास्त स्तंभांचं कोष्टक फोनवर वाचवत नाही.

बांधणीच्या आज्ञेत माहितीची फाइल, मग लेखांच्या फाइली क्रमाने, मग ‘टीओसी’, सीएसएस आणि फॉन्टची नावं, शेवटी तयार होणाऱ्या ईपबचं नाव. ही आज्ञा एका छोट्या स्क्रिप्ट फाइलीत लिहून ठेवा. जुन्या मार्गदर्शनात ‘ईपब-चॅप्टर-लेव्हल’ असा पर्याय दिसेल. पॅनडॉक ३पासून त्याच्या जागी ‘स्प्लिट-लेव्हल’ आहे.

छापील प्रतीसाठी पीडीएफ करायची तर पॅनडॉकसोबत झीलेटेक हा पीडीएफ बांधणारा प्रोग्राम वापरा आणि फॉन्टच्या पर्यायांत ‘स्क्रिप्ट’ देवनागरी असल्याचं सांगा. ते राहिलं की जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांटी अक्षरानंतर येते.

तपासणी

ईपब ही खरं तर झिप फाइल आहे, आत एचटीएमएल पानं. ती नियमाप्रमाणे आहे का, हे ईपबचेक हा मोफत प्रोग्राम सांगतो. त्याच्या यादीतली एकही चूक शिल्लक ठेवू नका. विक्रीची ठिकाणं बरेचदा त्याच चुकांवरून फाइल नाकारतात.

नजरेच्या तपासणीसाठी एक चाचणी-पान करून तात्पुरतं पुस्तकात घाला. त्यावर हे शब्द ठेवा: किनाऱ्यावर, कुऱ्हाड, वाङ्मय, उद्ध्वस्त, ॲल्युमिनियम, ऑफिस, दुःख, मूर्तींना, श्रद्धा, ज्ञान, लाल, शेत, बाळ. हे पान संगणकावर कॅलिबर किंवा थोरियम या वाचन-ॲपमध्ये, अँड्रॉइड फोनवर प्ले बुक्समध्ये आणि किंडल प्रिव्ह्यूअरमध्ये पाहा. एखादा शब्द एकाच ठिकाणी बिघडला तर दोष त्या ॲपचा किंवा फॉन्टचा. सगळीकडे बिघडला तर मजकुराचा. कॅलिबरमध्ये ईपब उघडून दुरुस्त्या करता येतात, पण करू नका. पुढच्या बांधणीत त्या पुसल्या जातील. दुरुस्ती नेहमी मार्कडाऊन फाइलीत.

हक्क, क्रमांक, विक्री

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो आणि तो वारसांकडे जातो. बाहेरून लेख देणाऱ्याने हक्क लेखी स्वाधीन केलेले नसतील तर ते त्याचेच राहतात. तरी साप्ताहिकाशी काही करार झाला होता का, हे कागदपत्रांत बघा. आई, भावंडं असे जे वारस असतील त्या सर्वांची लेखी संमती घ्या, घरातलं काम असलं तरी. लेखांसोबत छापलेली छायाचित्रं मात्र वडिलांची नसतील तर छायाचित्रकाराच्या परवानगीशिवाय वापरता येणार नाहीत. आज स्वतः काढलेली घाला.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून, ऑनलाइन अर्ज करून. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांना दारात उभं करू नका. ई-बुकाचा आणि छापील प्रतीचा क्रमांक वेगळा लागतो. किंडलवरच्या ई-बुकाला तो सक्तीचा नाही.

ॲमेझॉनची केडीपी ही स्वतः प्रकाशन करण्याची सेवा मराठी ई-बुक घेते, ईपब स्वरूपात. मोबी ही किंडलची जुनी फाइल आता करायची गरज नाही. मुखपृष्ठ २५६० उंच आणि १६०० रुंद पिक्सेलचं आदर्श. खातं उघडताना पॅन आणि बँकेचा तपशील तयार ठेवा. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्ट या ऐच्छिक योजनेत घालावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. सिलेक्टची अट अशी की ९० दिवसांच्या त्या मुदतीत ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवायचं नाही, स्वतःच्या संकेतस्थळावर फुकटसुद्धा नाही. शिवाय ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइलीच्या आकारानुसार पैसे कापले जातात. छायाचित्रं आटोपशीर ठेवा म्हटलं ते यासाठीही.

या पुस्तकासाठी सिलेक्ट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ठाणे आणि नवी मुंबईवरचे लेख वाचणारा वाचक बहुतेक फोनवरच वाचणार, आणि अँड्रॉइड फोनवर प्ले बुक्स सहज हाताशी असतं. ३५ टक्क्यांवर किंडल आणि सोबत प्ले बुक्स, असं दोन्हीकडे ठेवा. थोड्या प्रती छापल्यात तर एक ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला जरूर द्या. १८९३पासूनच्या त्या संग्रहात ठाण्याच्या तलावांवरचं पुस्तक असायलाच हवं. छापील पुस्तकाला १९५४चा कायदाही लागू होतो: कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने प्रत पाठवायची असते, आणि इथे प्रकाशक तुम्ही.

प्रकाशनानंतर वाचक चुका कळवतील. त्या मार्कडाऊनमध्ये सुधारा, हक्कांच्या पानावर आवृत्तीची तारीख बदला, स्क्रिप्ट चालवा, ईपबचेक करा आणि दोन्ही ठिकाणी नवी फाइल चढवा. आधी विकत घेतलेल्या किंडल वाचकांकडे नवी प्रत आपोआप जाईलच असं नाही, म्हणून एखाद्या टायपोसाठी घाई करण्यापेक्षा दुरुस्त्या साठवून तीन-चार महिन्यांनी एकदम चढवाव्यात. नकाशा किंवा नाव चुकलं असेल तर मात्र त्याच दिवशी.